बंद करण्याची मुभा

...ती टिकली अजून तिथंच होती, कॉम्प्युटरच्या बटणावर, एका कडेनं उचललेली. वीज गेली की अंधारात बोट बराबर पडावं म्हणून वाचनालय सांभाळणाऱ्या मंजुषानंच चिकटवलेली. पण आठवडा झाला, बटण दाबून काही होत नव्हतं. पडद्यावरचं 'बंद करा'ही गेलेलं. उरलं होतं फक्त 'बाहेर पडा' — म्हणजे बाहेर पड, कुलूप लाव, घरी जा.

कुरुंद्याच्या वाचनालयात कॉम्प्युटर एकच, आणि त्यात गावभराची खाती. कुणाचा तरी अर्ज अर्धा असताना कुणीतरी कॉम्प्युटरच बंद केला, तर अध्यक्ष किशनरावांनी बंद करायची मुभा सगळ्यांचीच काढली. सगळ्यांची म्हणे! रोज संध्याकाळी बंद करणारी ती एकटी, आणि तीही आधी खोलीला मोठ्यानं विचारून — कोणाचं काही राहिलं का? सासूबाई होत्या तोवर घरातला शेवटचा दिवा त्याच मालवायच्या, तेही बराच वेळ रेंगाळून. हिनं हात पुढं केला की नुसतं बघायच्या... इथं मात्र पंखा, दिवे, हे यंत्र, सगळं माझ्या हातानं निजायचं. तेवढंच तर माझं होतं.

"तोंड काहून पाडलं, मंजुषाताई?" टेबलाखाली वायरी आवरणारा शिवशंकर म्हणाला. कॉम्प्युटरची देखभाल त्याच्याकडं.

"बिचारं यंत्र रातभर जागून राहिलं. त्याची तकलीफ कोणी पुसली का?"

"अध्यक्षांशी भांडलो मी. तुमची मुभा दिली परत. बटणही चालतंय." तो हात झटकत निघून गेला.

सहा वाजले. तांड्यावरची निता मघाशीच पळत गेली होती — "ताई, ओटीपीचा नंबर बाबाच्या मोबाइलवर येतो, बघून येते." नर्सिंगचा अर्ज, आज शेवटचा दिवस. आली नाही अजून.

"कोणाचं काही राहिलं का?" मंजुषानं सवयीनं रिकाम्या खोलीला विचारलं आणि 'बंद करा' दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली : आणखी कुणीतरी आत आहे. बंद केल्यास त्यांचं काम जाईल. तरीही बंद करायचं?

'हो' काळंभोर, ठसठशीत. आता कुणी अडवणारं नव्हतं. सासूबाई त्या शेवटच्या दिव्यापाशी एवढा वेळ का रेंगाळायच्या — मला आत्ता कुठं कळतंय...

तिनं 'नको' दाबलं. दाराबाहेर तांड्याची वाट अजून मोकळीच होती. खुर्ची ओढून ती यंत्राजवळ बसली आणि टिकलीची सुटलेली कड नखानं बसवू लागली — हळूच, बटण दबणार नाही इतक्या बेतानं.