डाव्या हाताची बटणं

करंगळी कोपऱ्यातल्या बटणावर. ती नाही, ती अनामिका. करंगळी. हां. कंट्रोल दाबून धरा, सोडू नका, आणि आता तर्जनीने सी.

"सोडलंत."

"नाही सोडलं."

"अहो, सोडलंत. नुसतं अक्षर उमटलंय बघा."

"तुझा कीबोर्ड आगाऊ आहे."

"माझ्यावर गेलाय. पुन्हा."

पुन्हा. करंगळी, तर्जनी. पुन्हा. करंगळी सुटली. पुन्हा.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो ऑफिसात पान लावत होता. एका दैनिकाचं चार नंबरचं पान: छोट्या जाहिराती, निधनाच्या बातम्या, वाचकांची पत्रं, उरलेल्या कोपऱ्यात हवामान. आख्खी नोकरी त्याने पानं लावण्यात घालवली होती. शब्द दुसऱ्यांचे, जागा त्याची. आता उजवा हात मांडीवर पडून असतो, कोणी तरी सांभाळायला देऊन विसरून गेल्यासारखा. पाय ओढत ओढत का होईना चालतो. बोलणं परत आलं. सगळ्यात आधी शिव्या आल्या, मग बायकोचं नाव.

त्या उजव्या हातात माउस असायचा. बटणं पाठ करून काम करणारे लोक त्याच्या लेखी कारकून. बायको वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट, ती माउसला हात लावत नाही, म्हणून तिला तो टकटकबाई म्हणायचा. घरी पाहुणे आले की हमखास: "आमच्या टकटकबाईंना चहाही कंट्रोल दाबूनच लागतो."

आता टकटकबाई शिकवत होत्या.

चीफ घरी आला होता. चीफ म्हणजे मुख्य उपसंपादक, वयाने त्याच्यापेक्षा लहान, पण रात्रपाळ्या एकत्र काढलेल्या. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला, भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक केलं. मग म्हणाला, "हे बघ, चार नंबर एका हाताने लावून दाखव. खुर्ची तुझी. पहिल्या तारखेपर्यंत मी वर काही बोलत नाही. तोवर ती नवी मुलगी बघतेय."

"कशी लावते?"

"लावते."

"म्हणजे वाईट."

"म्हणजे लावते रे बाबा."

दारात बायकोने हळूच विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

चीफ चपला शोधत राहिला. त्या त्याच्या पायातच होत्या.

नाही जमलं तर काय, हे तिने पाहिलेलं होतं. दवाखान्यातून आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. टीव्ही लावला तर बघायचा, बंद केला तरी बघायचा. एकदा तिने चिडून म्हटलं, "अहो, भांडा तरी." तो म्हणाला, "कशावरून?" आणि खरंच विचार करत बसला.

चीफ येऊन गेल्यावर त्याने दाढी केली. डाव्या हाताने, दोन ठिकाणी कापून घेऊन. म्हणाला, "आण तुझा कीबोर्ड."

*

आधी माउसच डावीकडे लावून पाहिला होता.

"बाण कुठे गेला?"

"हा काय."

"आता होता. गेला."

"अहो, हा काय, कडेला."

"सारखा हरवतो. भिकार माउस आहे."

माउस भिंतीवर आपटला. नवा आणला. नव्यातलाही बाण हरवला. तेव्हा ती म्हणाली, राहू दे, बटणांनी करू, मी करते तसं.

आणि गंमत अशी की लागणारं सगळं डावीकडेच निघालं. सगळं निवडायचं, ए. कापायचं, एक्स. उचलायचं, सी. चिकटवायचं, व्ही. चुकलं तर मागे घ्यायचं, झेड. जपून ठेवायचं, एस. सगळ्यांची मालकीण कंट्रोल, तीही डाव्या कोपऱ्यात. एका खिडकीतून दुसरीत जायला आल्ट आणि टॅब, तेही तिथेच, शेजारी शेजारी, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे.

"ज्याने हे बनवलं त्याला तुमची काळजी होती," ती म्हणाली.

"त्यालाही झटका आला असणार."

ती हसली. तोही. घरात हसण्याचा आवाज झाला तेव्हा दोघंही जरा दचकले.

फक्त प्रिंट उजवीकडे.

"पी कुठाय?"

"आहे तिथेच. पळून जाणारेय का?"

"नाहीये."

"बरं, मी दाबते. प्रिंट काय, कोणीही काढेल."

*

सकाळी ऑफिसला जायच्या आधी. संध्याकाळी आल्यावर, पर्स खांद्यावरच. वकील म्हणायचे, बाई, हल्ली फार घाईत असता. ती म्हणायची, हो. घरी येऊन बघावं तर तो एकटाच सराव करत बसलेला, शेजारी चहाचा कप भरलेला, वर साय धरलेली.

"चहा का नाही घेतलात?"

"दिलास कुठे?"

"अहो, हा काय! सकाळपासून इथेच आहे."

"असं होय," तो म्हणायचा, आणि थंडच पिऊन टाकायचा. कामात माणूस बुडाला की असंच होतं, ती मनात म्हणायची. बुडालाय, चांगलं आहे.

जुन्या पानांवर सराव चालायचा. तो मथळे मोठ्याने वाचायचा, मजकूर उचलायचा, टॅबने चौकटीत जाऊन चिकटवायचा.

"पाणीकपात लागू."

"रद्द. पाणीकपात रद्द."

"तेच म्हणालो."

"लागू म्हणालात."

"तू भांडायला निमित्त शोधतेस."

भांडत होता. तिला केवढा आनंद झाला. पाणी लागू असो की रद्द, नवरा भांडत होता. जेवताना डाव्या हातातला चमचा ठेवून त्याची बोटं टेबलाच्या कडेवर चालायची: करंगळी खाली, मधलं खाली, करंगळी खाली, तर्जनी खाली. लेकीचा फोन आला तर म्हणाला, "तुझ्या आईपेक्षा जलद झालोय." लेक फोनवर रडली. आई म्हणाली, "रडतेस कशाला, तुझा बाप बढाया मारतोय, म्हणजे बरा आहे."

डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, "दिसतंय ना नीट?" तो म्हणाला, "दिसतंय की." डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

*

ऑफिस. वरचा मजला. बायको सोबत आली होती, जिन्यासाठी. सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत होते आणि कोणीच काम करत नव्हतं.

नवी मुलगी त्याच्या खुर्चीतून उठली. "काका, सीट थोडी वर करू?"

"काका म्हणू नकोस. पान लावायला आलोय, तुझ्या लग्नाला नाही."

दोघंतिघं हसले. चीफ तर फारच मोठ्याने हसला. "वहिनी, तुम्ही इथे बसा, त्याच्या डाव्या बाजूला."

कोरं पान उघडलं. आठ कॉलम, चौकटी आखलेल्या, बाजूच्या खिडकीत आजचा सगळा मजकूर.

त्याने उजवा हात डाव्याने उचलून नीट मांडीवर ठेवला, आणि

करंगळी खाली, सगळं उचललं, आल्ट, टॅब, चिकटवलं, जपलं, आल्ट, टॅब. निधन. निधन. जाहिरात, दुकानगाळा भाड्याने. आल्ट, टॅब. पहिल्या कॉलमच्या तळाशी. दुसरा. एकदा करंगळी सुटली, त्याने झेड मारला, जसं काही झालंच नाही. तिसरा. चीफ मागे येऊन उभा राहिला. नवी मुलगी दुसऱ्या बाजूने वाकून बघायला लागली. चौथा. "अरे, हा तर माझ्यापेक्षा फास्ट आहे," कोणी तरी म्हणालं. बायकोने हात घट्ट धरले होते, स्वतःचेच. पाचवा. पत्रं. हवामान. जपलं.

करंगळी वर.

"झालं," तो म्हणाला. "पान पॅक."

चीफ स्क्रीनवर आणखी वाकला.

पाच कॉलम भरलेले, रेषेला रेष, अगदी त्याचं पान. त्याच्या उजवीकडे तीन कॉलम पांढरे. वरपासून खालपर्यंत.

"छान," चीफ म्हणाला. "मस्त. ते… बाकीचं घेतोयस ना आता?"

"बाकीचं कुठलं?"

"तिकडचं."

"कुठे तिकडचं? पॅक झालंय. तुला चष्मा लागलाय का?"

तो हसला. गोड हसला, जिंकलेल्या माणसासारखा. आणि बायकोला सगळं एकदम कळलं. कळलं म्हणजे अंगावर आलं: पळणारा बाण, न दिलेला चहा, नसलेला पी, सगळं उजवीकडचं. आपण शिकवलेली सगळी बटणं डावीकडची. म्हणून तर इतकं छान जमत होतं.

ती म्हणाली, "अहो, उजवीकडे बघा."

"बघतोय की."

बघत नव्हता. तो बघत होता ते असं:

काल पहाटे वृद्धापका
त्यांच्या पश्चात पत्नी, दो
दुकानगाळा भाड्याने दे
उद्या हवामान कोर

आणि पुढचं तो स्वतः लावून घेत होता, मनातल्या मनात. आख्खी नोकरी हेच तर केलं होतं. अर्ध्या ओळीवरून पूर्ण ओळ ओळखायची.

तिने खुर्चीचे हात धरले आणि तो बसलेला असतानाच खुर्ची उजवीकडे फिरवली. फार नाही. स्क्रीन त्याच्या डाव्या अंगाला येईल एवढी.

त्याने पाहिलं.

बराच वेळ पाहिलं.

"हे कोणी उडवलं?" तो म्हणाला.

"कोणी नाही उडवलं."

"होतं इथे. मी भरलेलं. कोणी हात लावला मशीनला?" आवाज चढला. नवी मुलगी दचकली. "लावलं होतं मी! चीफ, तू बघत होतास ना?"

"हो… म्हणजे…"

"थांबा. आणतो परत."

करंगळी खाली, झेड.

हवामान गेलं.

"नका," बायको म्हणाली.

झेड. शेवटचं पत्र गेलं. झेड. त्याच्या आधीचं. तो पांढऱ्या भागाकडे डोळे लावून होता, तिथे काही उगवतंय का बघत, आणि जे होतं ते दुसरीकडून जात होतं, एकेक करून, ज्या क्रमाने लावलं त्याच्या उलट. पाचवा कॉलम गेला. चौथा. करंगळी आता अजिबात सुटत नव्हती. इतकी पक्की ती एकाही सरावाला बसली नव्हती.

"अहो, पुरे. अहो. ऐका ना माझं."

"येईल. यायलाच पाहिजे. तूच सांगितलंस, मागे घेता येतं म्हणून."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो खांद्याने झटकला. दुकानगाळा गेला. निधन गेलं. निधन गेलं. पान जसं उघडलं होतं तसं झालं, आठही कॉलम. आता मागे घ्यायला काही उरलं नव्हतं आणि मशीन प्रत्येक दाबाला एक बारीक आवाज करत होतं, टुंग. टुंग.

चीफने घड्याळाकडे पाहिलं. पान छपाईला जायची वेळ होत आली होती. तो दोन पावलं पुढे आला आणि नव्या मुलीला, होईल तेवढ्या हलक्या आवाजात, म्हणाला, "चल. चार नंबर तू लाव. त्या पलीकडच्या मशीनवर."

मुलगी हलली नाही. ती त्याच्या उजव्या हाताशी उभी होती, इतकी जवळ की तिची ओढणी त्याच्या मांडीवरच्या निर्जीव बोटांना लागत होती.

त्याचं बोट थांबलं. कान शाबूत होते. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"कोणाला सांगतोय तो?" त्याने विचारलं. "इथे कोणी आहे का?"