हरण्याची नोकरी

आमदाराशी हरणं सोपं असतं, असं ज्यांना वाटतं ते आमदाराशी कधी हरलेले नसतात. टेबल टेनिसमध्ये हरायचं तर समोरून आलेला चेंडू निदान टेबलावर पडावा लागतो. आमदारसाहेबांचे चेंडू पंख्यावर जात, पडद्यामागे जात, आणि एकदा तर त्यांनी मारलेला चेंडू त्यांच्याच खिशात सापडला होता. असे चेंडू धावत जाऊन गाठायचे, ते टेबलाच्या कडेला चाटून आले असं सांगायचं, पोटभर हळहळायचं आणि गुण साहेबांना द्यायचा, ही कला आहे. या कलेत उपविजेतीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

उपविजेती हे तिचं ऑफिसातलं नाव. एके काळी ती देशाच्या अंतिम सामन्यात खेळली होती आणि दुसरी आली होती. सल्लागाराने तिला नोकरीवर घेतलं तेच त्यामुळे. "विजेती मला परवडली नसती," तो म्हणाला होता. "शिवाय त्या लोकांना जिंकायची खोड असते."

सल्लागाराच्या दारावर 'धोरण सल्लागार' अशी पाटी होती. धोरणं आमदारांची, सल्ला कंपन्यांचा, आणि मधली ये-जा याची. नियमाप्रमाणे आमदाराने कुणाकडून कसलीही भेट घ्यायची नव्हती, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाही. पण त्याच नियमाच्या तळाशी म्हटलं होतं की कौशल्याच्या खेळात जिंकलेलं बक्षीस म्हणजे भेट नव्हे. ही ओळ बहुधा कुणा बुद्धिबळ खेळणाऱ्या भल्या माणसाने हट्टाने घालून घेतली असावी. सल्लागाराने ती वाचली आणि दुसऱ्याच दिवशी टेबल मागवलं.

पुढची व्यवस्था साधी होती. लिफ्ट बनवणाऱ्यांच्या संघटनेने बक्षीस ठेवायचं, उपविजेतीने हरायचं, साहेबांनी जिंकायचं, आणि साहेबांच्या पीएने पंच म्हणून उभं राहायचं. पीएला सगळे होयबा म्हणत. साहेबांच्या विरोधात त्याने आयुष्यात एकही गुण दिला नव्हता, आणि तेही पंच होण्याच्या कितीतरी आधीपासून. यथावकाश दुमजली घरांनाही लिफ्ट सक्तीची झाली. मग बैठ्या घरांनी भविष्याचा विचार करून लिफ्टपुरती जागा मोकळी सोडावी, अशी दुरुस्ती आली. त्या आठवड्यात साहेब फारच फॉर्मात होते.

अडचण एकच झाली. साहेबांना हे खरं वाटू लागलं.

सुरुवातीला जिंकल्यावर ते डोळा मारत. मग डोळा मारणं बंद झालं आणि कपाळाला पट्टी आली. मग घामाचा टॉवेल आला, तो धरायला होयबा होताच. शेवटी साहेब तिला शिकवू लागले.

"मनगट सैल सोड, पोरी. माझ्याकडे बघ. मी विचार करतच नाही."

"साहेबांनी कधीच केला नाही," होयबा म्हणाला.

"तुझ्यात गुण आहे गं. पण समोर कोण उभं आहे ते बघून दबतेस."

"साहेब, दबायला होतंच," उपविजेती म्हणाली. तिचा चेहरा अशा वेळी इस्त्री केल्यासारखा असे.

हे सगळं सुखाने चाललं असतं. पण साहेबांनी विजयी मुद्रेतला, बॅट उंचावलेला, पट्टी बांधलेला फोटो स्वतःच वर्तमानपत्राला पाठवला. वर्तमानपत्राने शेजारी लिफ्ट संघटनेचा कायदा छापला, खाली बक्षिसांची चौकशी केली, आणि सभागृहाला नीतिमत्ता समिती बसवावी लागली.

तो फोटो उपविजेतीच्या बाबांनीही पाहिला. त्यात कोपऱ्यात, हरलेल्या चेहऱ्याने, ती उभी होती.

बाबा शाळेत खेळाचे शिक्षक होते. उपविजेतीला त्यांनीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर, मधोमध जाड पुस्तकं उभी करून. घरी आता दोघंच होती. मुलगी ऑफिसात फायलींचं काहीतरी बघते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ती आली तेव्हा वर्तमानपत्र टेबलावर उघडं होतं आणि चहा निवून गेला होता.

"या माणसाशी हरलीस?"

"बाबा, ते जरा..."

"याचं पोट टेबलाच्या अलीकडे आहे आणि हा टेबलाच्या पलीकडे. याचा हात तरी पोचतो का?"

"फोटोत तसं दिसतंय."

"ऊठ. बॅट घे."

त्यांनी पुस्तकं उभी केली आणि खेळायला लागले. ती घरी नेहमीसारखीच खेळली, म्हणजे बाबांना तीनदा फ्रिजखालून चेंडू काढावा लागला. त्यांना वाटलं होतं बॅकहँड गेला असेल. बॅकहँड शाबूत होता. मग ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ चेंडू बोटांत फिरवत राहिले.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. "म्हणजे काळीज गेलंय. समोर माणूस आला की तुझे हातपाय गळतात. माझ्यामुळे झालं हे. लहानपणी फार ओरडलो मी तुला."

"तसं नाहीये, बाबा."

"मग कसं आहे?"

ते तिला सांगता येत नव्हतं. सल्लागाराने सगळ्यांना बजावलं होतं, सुनावणी होईपर्यंत घरीसुद्धा चकार शब्द नाही. मुद्दाम हरले म्हटलं की नोकरी गेली आणि वर खटला. खरंच हरले म्हटलं की सगळे सुटले, फक्त बाबा उरलेलं आयुष्य आपण पोरीचं काळीज करपवलं म्हणून झुरणार. लाचखाऊ मुलगी त्यांनी एक वेळ पचवली असती. ते तसं म्हणालेही, शेजारच्या आजोबांना, गॅलरीतून: "पैसे खाल्ले असते तरी समजू शकलो असतो हो. निदान हिंमत तरी लागते त्याला."

सुनावणीच्या सकाळी सल्लागार तिला जिन्यात भेटला. सभागृहाच्या इमारतीची लिफ्ट बंद होती.

"घाबरायचं काही कारण नाही," तो म्हणाला. "साहेब म्हणणार, मी स्वतःच्या हिमतीवर जिंकलो, टेबल लावा, दाखवतो. समिती म्हणणार, लावा. तू एक गेम हरायचीस, छान घासून. कौशल्याचा खेळ, कौशल्याने जिंकला, विषय संपला."

"आणि समितीने नाही मानलं तर?"

"आत जाऊन बघ तरी कोण बसलंय."

तिने आत जाऊन बघितलं. हिरव्या कापडाच्या लांब टेबलामागे तिघं होती. मधे अध्यक्षबाई, ज्या रंग कंपन्यांच्या कायद्याच्या वेळी तिला हरवून गेल्या होत्या. डावीकडे विरोधी पक्षाचे सदस्य, जे लिफ्टच्याच कायद्याच्या वेळी हरवून गेले होते, कारण सल्लागार पक्षभेद मानत नसे. उजवीकडे एक वयोवृद्ध सदस्य, ज्यांनी बिस्किटांवरच्या करासाठी तिला बसल्या बसल्या हरवलं होतं. तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू या बाईला जन्मात पाहिलेलं नाही. वयोवृद्ध सदस्यांच्या बाबतीत ते खरंही असावं, कारण तेव्हाही त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

कोपऱ्यात लघुलेखिका बसली होती. इथे बोललेला प्रत्येक शब्द नोंदला जाईल, तेव्हा एका वेळी एकानेच बोला, असं तिने सुरुवातीलाच बजावलं. लोकांसाठीच्या बाकावर बाबा होते. धुतलेला शर्ट, मांडीवर हात.

सगळं सल्लागाराने सांगितल्याबरहुकूम झालं. साहेब म्हणाले, "माझ्या मेहनतीचा हा अपमान आहे. टेबल लावा." होयबा म्हणाला, "टेबल लावा." टेबल दाराबाहेर तयारच होतं. साहेबांनी कपाळाला पट्टी बांधली.

उपविजेतीने हरायला सुरुवात केली, आणि ती त्या दिवशी फार सुंदर हरली. साहेबांचा पहिला चेंडू झुंबराकडे निघाला होता, तो तिने मागे पळत जाऊन गाठला आणि कसाबसा नेटमध्ये पाडला. दुसरा कडेला चाटल्याचं तिने आपणहून कबूल केलं. तिसऱ्याला ती घसरली, आणि घसरताना टेबलाचा कोपरा असा काही धरला की प्रेक्षकांतून कुणीतरी चुकचुकलं. साहेब सहाने पुढे गेले. अध्यक्षबाई समाधानाने काहीतरी टिपून घेऊ लागल्या.

चेंडू आणायला ती बाकाजवळ गेली तेव्हा बाबा शेजारच्या अनोळखी माणसाशी हळू आवाजात बोलत होते.

"माझंच चुकलं हो. घरी अशी नाही खेळत ती. मी फार ओरडायचो."

"पोरांना ओरडावं लागतंच," तो माणूस म्हणाला.

"एवढं नाही," बाबा म्हणाले.

तिने चेंडू उचलला, पुसला, आणि परत जागेवर गेली. सल्लागाराने लांबूनच मान डोलावली, की छान चाललंय, असंच चालू दे.

पुढची सर्व्हिस साहेबांना दिसलीच नाही. त्यांना वाटलं ती अजून करायची आहे. "टाक ना, पोरी," ते म्हणाले. चेंडू तोवर त्यांच्या मागच्या भिंतीला लागून होयबाच्या बुटाशी आला होता. होयबाने सवयीने साहेबांना गुण दिला, मग समितीकडे बघून परत घेतला. एवढं स्वतंत्र काम त्याने पहिल्यांदाच केलं होतं.

त्यानंतर साहेबांना गुण मिळाला नाही. गेम संपला तेव्हा त्यांची पट्टी डोळ्यांवर आली होती आणि ती वर करायची त्यांना घाई नव्हती.

"आज उजेड तिरपा आहे," ते म्हणाले.

"तिरपाच आहे," होयबा म्हणाला.

आता समितीने निकाल द्यायचा आणि एकट्या साहेबांना बुडवून घरी जायचं, एवढंच बाकी होतं. सल्लागारानेही ते मनात पटकन मान्य केलं असावं, कारण तो साहेबांपासून दोन खुर्च्या दूर सरकला. पण विरोधी पक्षाच्या सदस्यांना हसू आवरेना.

"साहेब, तुमचं ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्हाला फुकट जिंकवलं हिने. मी मात्र हिला खरोखर हरवलं होतं."

सल्लागार खोकला.

"एक मिनिट," लघुलेखिका म्हणाली. "कधी हरवलंत, साहेब? नोंदीत तसं लिहावं लागेल."

"लिफ्टच्या मतदानाच्या आदल्या दिवशी. सरळ दोन गेम. लिहा ना, त्यात लपवायचं काय?"

सल्लागार पुन्हा खोकला. हा खोकला वकिली होता.

"हिला तर मीही हरवलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांना हे बोलायचं नव्हतं. पण शेजारचा दोन गेम म्हणत असताना तीन गेमवाल्या माणसाने गप्प कसं बसायचं? "रंगांच्या कायद्याच्या वेळी. तेही टाचांच्या चपला घालून."

"टाचांच्या," लघुलेखिकेने टाइप केलं.

चेंडूच्या आवाजाने वयोवृद्ध सदस्य केव्हाच जागे झाले होते. "बिस्किटं," ते म्हणाले, आणि बॅट मागितली.

मग तिघंही खेळले. पाणी प्यायच्या सुट्टीइतकाच वेळ लागला. वयोवृद्ध सदस्यांना तिने एक गुण वयाचा मान म्हणून दिला. बाकी कुणाला तोही नाही. अध्यक्षबाई चपला काढून खेळल्या, आणि हरल्यावर त्या शोधत बराच वेळ टेबलाखाली राहिल्या. वर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"म्हणजे तुम्ही याआधी मुद्दाम हरत होतात?"

"हो, बाई."

"सांगताय काय ते कळतंय ना? हा तुमच्यावरही गुन्हा होतो."

"कळतंय. पण माझे हातपाय कधी गळले नाहीत, हे नोंदीत यायला हवं." ती लघुलेखिकेकडे वळली. "लिहिलंत?"

"'गळले नाहीत'," लघुलेखिका म्हणाली. "लिहिलं."

"सगळ्यांशी मुद्दाम?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "म्हणजे, माझ्याशीसुद्धा?"

"तुमच्याशी हरायला सगळ्यात जास्त मेहनत पडली, बाई."

अध्यक्षबाईंनी मान खाली घातली. समितीवर नवी समिती बसणार, त्यात आपलं नाव येणार, राजीनामा द्यावा लागणार, हे सगळं त्यांना दिसत होतं आणि त्या ते सोसतील असं वाटत होतं. त्यांना लागलं होतं ते मेहनतीचं.

सल्लागार जिन्याने खाली पोचला तेव्हा दारात तपास अधिकारी त्याची वाट बघत उभे होते. उपविजेतीला त्यांनी सोमवारी जबाबाला बोलावलं. तिने वेळ विचारून घेतली आणि बाबांना घेऊन ती पायऱ्या उतरू लागली. बाबा कठडा धरून, एकेक पायरी. मधल्या वळणावर ते थांबले.

"म्हणजे ते सगळं खोटं होतं?"

"सगळं."

"तो चेंडू कडेला चाटला, तो?"

"हातभर लांब होता, बाबा."

"आणि घसरलीस ते?"

"ते रोज घसरते. त्याचे वेगळे बूट आहेत."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, चेहऱ्याकडे नव्हे, मनगटाकडे, खांद्याकडे, पायांकडे, शाळेत नवीन पोरगं आलं की बघायचे तसं. आयुष्यभर त्यांनी पोरांना जिंकायला शिकवलं होतं, आणि हरताना बघून पोरांच्या चुका ओळखल्या होत्या. आज त्यांना एकही ओळखता आली नव्हती.

"मला खरं वाटलं गं," ते म्हणाले. "मला. पगार काय द्यायचे याचा?"

तिने आकडा सांगितला.

बाबांनी कठड्यावरचा हात काढला. त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ती स्वतःवरच्या रागाची नव्हती.

"एवढाच?" ते म्हणाले. "वकिलाला हे आधी सांग. मी येतो सोमवारी. तुझं काम काय दर्जाचं होतं, ते त्या लोकांना कुणीतरी समजावून सांगायला हवं."