उपाशी पेटी

अन्नपदार्थ तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ताई अकरा वर्षं काम करत होती. अहवालावर सही झाल्याशिवाय आकडा बाहेर सांगायचा नाही, हा नियम तिनं एकदाही मोडला नव्हता. त्या गुरुवारी सकाळी मोडला. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावून ती म्हणाली, "शंभर ग्रॅममध्ये चौदा मिलिग्रॅम लोह."

"गोगलगायीत?" डॉक्टर ओरडलेच. "कलेजीच्या पंगतीला बसली की हो! परवाच्या बैठकीला अहवाल घेऊन या. मावशींनाही आणा."

मावशी म्हणजे गोगलगायी पाळणाऱ्या बाई. घरामागच्या शेडमध्ये त्यांच्या चाळीस लाकडी पेट्या होत्या. पूर्वी माल दोन मोठ्या हॉटेलांना जायचा. तिथल्या आचाऱ्यांची हौस फिटली आणि तो बंद झाला. आता रक्त कमी असलेल्या बायकांच्या वॉर्डात हॉस्पिटलनं गोगलगायीचं सूप सुरू केलं, तरच शेड चालणार होती. नाहीतर महिनाअखेरीस पेट्या रिकाम्या करायच्या, असं मावशींनीच सांगितलं होतं, तेही आवाज न चढवता.

ताईला या प्राण्याचं कौतुक नमुना आल्या दिवसापासून वाटत होतं. दोन कोबीची पानं द्यावीत आणि त्या बदल्यात गोगलगायीनं पाठीवर घर बांधावं, अंगात इतकं मांस धरावं, वर चकार शब्द काढू नये. शेजारच्या टेबलावर तेलं तपासणारे काका मात्र रोज टोमणा मारत. "गोगलगाय अन् पोटात पाय! जपून हो ताई, दिसते तेवढी गरीब नसते."

"पायच तर खायचा असतो काका. सगळा स्नायू आहे. चरबी म्हणाल तर नावाला."

"खा बाई तुम्ही. मला अजून जगायचंय."

दुपारी मावशी अहवाल बघायला आल्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी कागद वरपासून वाचायला घेतला. लोहाच्या ओळीवर त्या खूश होतील म्हणून ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पण मावशींचं बोट दोन ओळी आधीच थांबलं.

"राख एवढी? नमुना जाळल्यावर जी उरते तीच ना ही? आहे का अजून?"

ताईनं चिनी मातीची छोटी वाटी पुढे केली. तळाशी चिमूटभर तांबूस पूड होती. मावशींनी काचेची कांडी मागून घेतली आणि पूड वाटीच्या तळाशी रगडली. कचकच आवाज आला.

"वाळू आहे ही, ताई."

"जमिनीवरचा प्राणी आहे मावशी. थोडी माती असायचीच."

"माझ्या पेट्यांत मातीचा कण नाही. फळ्यांवर वाढवते मी. आणि नमुना पाच दिवस उपाशी ठेवून, पोट रिकामं करून दिला होता. चिठ्ठी लावली होती पेटीला."

चिठ्ठी ताईनं वाचली होती. वाचून तिला वाईटच वाटलं होतं. नमुना आला आणि लागून तीन दिवस सुट्टी आली. निघता निघता तिनं पेटीत डोकावलं तर सगळ्या शंखाची तोंडं मिटून बसलेल्या. तिला राहवलं नाही. डब्यातलं कोबीचं पान तिनं आत टाकलं आणि ओलावा राहावा म्हणून खिडकीतल्या कुंडीतली दोन मुठी माती पसरली. तांदळाच्या नमुन्याला कधी कुणी जेवायला वाढत नाही. पण तांदूळ शिंगं बाहेर काढून बघत नाहीत. सुट्टी संपल्यावर तिनं त्याच गोगलगायी शंखातून काढून, पोटातल्या मातीसकट वाटल्या होत्या.

"मीच खाऊ घातलं," ती म्हणाली. तिचे कान तापले होते. "पान. आणि कुंडीतली माती."

मावशींनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना हसूच फुटलं. "अहो, माहेरपणाला आल्या होत्या का त्या?"

काका खुर्ची ओढून जवळ आले. "एवढं काय त्यात? यंत्रानं चौदा दाखवलं, ताईंनी चौदा लिहिलं. खोटं कुणी बोललेलं नाही. डॉक्टर खूश आहेत, मावशी. शेड वाचते तुमची."

कागदावरच्या चौदावर मावशींची नजर जरा जास्तच वेळ राहिली. "ताई, मातीतलं लोह अंगी लागतं का हो?"

"जवळजवळ नाहीच. आलं तसं निघून जातं."

"मग त्या वॉर्डातल्या बाईचं रक्त काय माझ्या कागदानं वाढणार?" त्या उठल्या. "माझ्याकडे एक पेटी कायम उपाशी असते. तासाभरात आणते."

मावशींनी आणलेल्या गोगलगायींना ताईनं कुणाला हात लावू दिला नाही. काढणं, धुणं, वाळवणं, जाळणं, आम्लात विरघळवणं, सगळं तिनं शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकटीनं केलं. राख उरली ती पांढरी, पिठासारखी मऊ. प्रथिनं सोळा टक्के, चरबी दीड टक्का, लोह तीन पूर्णांक सहा. लोह तिनं पुन्हा मोजलं. मनात वेडी आशा होती. तीन पूर्णांक सहाच आलं.

शनिवारच्या बैठकीत डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चौदाचे साडेतीन? बाकीचं कुठे गेलं?"

"ते कुंडीतलं होतं," ताई म्हणाली, आणि पान, माती, सुट्टी, सगळं सांगून टाकलं. "फोनही मी करायला नको होता. चूक माझी आहे. मालात खोट नाही. कोंबडीच्या मांसात लोह एकसुद्धा भरत नाही. यात त्याच्या तिप्पट-चौपट आहे. आणि चूक पकडली ती मावशींनी. राख रगडून."

"यांनी?" डॉक्टरांनी मावशींकडे नीट बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा. "चौदा राहू दिलं असतं तर मी डोळे मिटून सही केली असती."

"म्हणूनच सांगितलं," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर थोडा वेळ कागदावर पेन आपटत राहिले. "एका वॉर्डापासून सुरू करू. पण आठवड्यातून दोनदा माल हवा. सोमवारी आणि गुरुवारी."

"एकदाच मिळेल. शुक्रवारी. उपाशी पेट्यांना जागा एका खेपेपुरतीच आहे, आणि पाच दिवस उपास झाल्याशिवाय माझ्या शेडमधून एकही बाहेर पडणार नाही."

"दोन दिवस कमी केले म्हणून काय बिघडतं? स्वयंपाकघर माझं आहे, मावशी."

"असेल. पोट पेशंटचं आहे."

हातात आलेलं काम ही बाई आपल्या तोंडानं घालवणार, असं ताईला वाटलं. आणि तरीही मावशींनी एक दिवससुद्धा कमी करू नये, असंही वाटलं. डॉक्टरांनी लिहिलेला सोमवार खोडला. मग गुरुवारही खोडला, आणि शुक्रवार लिहिला.

बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये मावशी इतक्या भराभर चालायला लागल्या, की ताईला मागून जवळजवळ पळावं लागलं.

"अहो मावशी, जरा दम खा!"

"दम कसला? शुक्रवारी माल द्यायचा तर उद्यापासून दहा पेट्यांचं खाणं बंद करायचंय. येता का मदतीला?" मावशी वळल्या. "पण डबा घरी ठेवून या."