हिवराखालची सभा

गायरानावर सरकारी उद्यान होणार होतं, म्हणून साहेब गावाच्या सूचना घ्यायला आले. ऊन मी म्हणत होतं, तेव्हा सभा जुन्या हिवराच्या सावलीत भरली. नकाशात त्याच जागी सिमेंटचं फाटक होतं आणि हिवर नव्हता. तानुबाईच्या ते ध्यानात आलं. पण साहेबांनी चहा तिच्या घरचा घेतला होता, अन् आपला चहा प्यालेल्या पाहुण्याला आडवं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"कोणाची हरकत?"

"नाही जी," सगळ्यांबरोबर तीही म्हणाली.

वर्षभरानं साहेब पुन्हा आले. नव्या फाटकापाशी उन्हात उभं राहून त्यांनी विचारलं, झाडं कोणती लावायची? या खेपेला तानुबाईनं चहा ठेवलाच नव्हता.

"हिवर लावा," ती म्हणाली, "अन् त्याची सावली पडेपर्यंत असेच उनात उभे राहा."