पावसात पुसलेली खडूची खूण

मी एक जुना टायर आहे आणि मला मुळीच स्वस्थ बसवत नाही. मित्रांनो, शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या रस्त्यासाठी गुळगुळीत टायर लावतात. मी त्यांच्यातला नव्हे. मी पावसाळी. माझ्या अंगभर खोल खाचा आहेत आणि चाकाखालचे पाणी बाहेर फेकणे हे माझे काम.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, आता नुसते धावायचे. कसले काय! ऊन असले की मी मांडणीवर. भुरभुर सुरू झाली की गाडीला, आणि दहा मिनिटांत उघडले की पुन्हा मांडणीवर. बरे, धो धो कोसळला तर शर्यतच थांबवतात! ज्या पावसासाठी मला घडवले, त्यातच मला पळू देत नाहीत. मी चिडू नये तर काय करावे?

आमची गाडी दोन बहिणींची. ताई मेकॅनिक आणि धाकटी गाडी चालवणारी. माझ्या कडेला एक बारीक बाण कोरलेला आहे. तो पुढच्या दिशेने असेल तरच पाणी बाहेर जाते. मला उलटे बसवले तर पाणी पोटाखाली साठते आणि गाडी तरंगू लागते. बाण पटकन दिसत नाही, म्हणून ताई आमच्यावर खडूने ठळक 'डावा', 'उजवा' लिहायची. तिची सारी भिस्त त्या खडूवर.

त्या दिवशी हंगामातली शेवटची शर्यत होती. पहिल्या तिघांत आली तर धाकटीला मोठ्या संघात जागा मिळणार होती. पाऊस सकाळपासून लागलेला. कर्ण्यावरून सारखे एकच, "अर्ध्या तासाने सांगतो." जरा उघडले की ताई आम्हाला काढून गुळगुळीत टायर लावायची. सर आली की परत आम्ही. चारदा हा खेळ झाला. धाकटी हेल्मेट घालायची, काढायची आणि येरझाऱ्या घालायची.

"ताई, काय चाललंय हे? एकदाचं सोडा, नाहीतर घरी तरी पाठवा!"

"मला काय विचारतेस? ढगांना विचार. आणि बस जरा, डोकं उठवलंस माझं."

आम्ही दोघे पुढचे टायर बाहेर भिजत पडलो होतो. खडू केव्हाच धुऊन गेला होता. तेवढ्यात कर्णा ओरडला, "पाच मिनिटांत सुरू!" ताईने हाताला येईल तो टायर उचलला. मी डावा असून उजवीकडे चढलो आणि माझा जोडीदार डावीकडे. जीव तोडून ओरडावेसे वाटले, पण ओरडणार कसा?

धाकटी सुसाट निघाली. पहिल्याच वळणावर माझी रस्त्यावरची पकड सुटली. कशीबशी पुन्हा बसली. माझी नुसती तगमग होत होती आणि ती मात्र एकेकाला मागे टाकत तिसऱ्या क्रमांकावर पोचली होती.

गाडी समोरून गेली, तेव्हा पुढच्या चाकांचे पाणी नेहमीसारखे बाजूला उडाले नाही. ते ताईला दिसले. तिने रेडिओ उचलला.

"आत ये."

"का? तिसरी आहे मी!"

"पुढचे टायर उलटे बसलेत. मीच बसवलेत. आत ये, बाळा."

आम्हा दोघांची अदलाबदल होईपर्यंत चार गाड्या पुढे निघून गेल्या. धाकटी सातवी आली. मोठ्या संघातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

"काही झालं नसतं, ताई. सांभाळलं असतं मी!"

"नसतंही झालं," ताई म्हणाली. "पण मला कळलं होतं ना."

दोन दिवस धाकटी तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये आली, माझ्या कडेचा बाण शोधला आणि पांढऱ्या रंगाने रंगवू लागली. ताईने रंगाचा डबा धरला.

आता माझ्या खाचा झिजल्या आहेत. कुणी मला गाडीला लावत नाही. पाऊस आला की अजून जीव वरखाली होतो, पण ते चालायचेच. मित्रांनो, तुमच्या हातून चूक झाली आणि ती ध्यानात आली, तर त्याच क्षणी सांगून टाका. माणूस रुसेल, अबोला धरेल. धरू द्या. रुसायला तो सुखरूप घरी तरी आलेला असेल.