घरटी एक

"टीम म्हंजे काय दुभती म्हस हाय व्हय," आण्णा म्हणाले, "हितलं दावं सोडलं आणि न्हेऊन कारखान्याच्या गोठ्यात बांधली?"

"म्हस न्हाय, आण्णा," कोपऱ्यातून ज्ञानू म्हणाला. "म्हस दूध तरी देती."

सगळी तालीम हसली. कुस्तीच्या हौदाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं हसली, खिडकीत लोंबकळणारी हसली, आणि मारुतीसमोर मांडी घालून बसलेले अध्यक्ष दादासोसुद्धा मिशीत हसले. आण्णा हसले नाहीत. फुटबॉलच्या बाबतीत त्यांना विनोद कळत नसे, असं घरातल्या सगळ्यांचंच मत होतं.

अंबादास त्यांचं नाव. पण सगळी पेठ त्यांना आण्णाच म्हणायची. नगरपालिकेच्या पाणीखात्यात ते चावीवाले होते. पहाटे खांद्यावर लोखंडी चावी टाकून निघायचं, गल्ल्यांच्या तोंडाशी झाकणं उघडून पाणी सोडायचं, वेळ झाली की बंद करायचं. नोकरीत त्यांना कुणी कधी शाबासकी दिली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही. त्यांचा सगळा अभिमान एका ठिकाणी ठेवलेला होता, तो म्हणजे पेठेतल्या चिंचखाली तालमीची टीम. तरुणपणी ते स्वतः तिच्यात खेळले होते आणि आता त्यांचा मुलगा नृसिंह सेंटर हाफला खेळत होता. सामन्याच्या दिवशी पोरांनी मारुतीला नारळ फोडायचा, हौदातली तांबडी माती कपाळाला लावायची आणि सगळ्या पेठेनं हलगी वाजवत त्यांच्या मागून चालत स्टेडियमवर जायचं. टीम चालतच जाणार, गाडीतून नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मोडायची छाती कुणाची नव्हती.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. फुटबॉल संघटनेनं लीग वाढवायची ठरवली होती. गावाबाहेरच्याही टीम घ्यायच्या होत्या. नदीपलीकडे दूरवर एक नवा साखर कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्या चेअरमनला फुटबॉलचं वेड होतं. नव्या टीमला खालच्या गटातून सुरुवात करावी लागते. चेअरमनला तेवढा दम नव्हता. वरच्या गटात बसलेली एखादी टीमच तिच्या जागेसकट उचलून न्यावी, नाव कारखान्याचं लावावं, रंग हवा तर जुनाच ठेवावा आणि अकराच्या अकरा पोरांना कारखान्यात कायम करावं, असा निरोप त्यानं दादासोंकरवी धाडला होता. त्यावरच ही बैठक होती.

दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. कुणी म्हणालं, पोरांनी लाथा खाऊन गुडघे फोडून घेतले, त्यांना तालमीनं काय दिलं, हार आणि पेढे. कुणी म्हणालं, आज टीम गेली, उद्या मारुती मागतील. एकाचं म्हणणं, रंग राहतोय ना, मग काय बिघडलं. त्याला दुसऱ्यानं विचारलं, तुझ्या बायकोनं लुगडं तेच ठेवून नवरा बदलला तर चालंल का. हे चाललं असताना ज्ञानू उठला. त्याचं सायकलचं दुकान होतं आणि एकेकाळी तो याच टीमचा गोलकीपर होता.

"मी खरं बोलतो, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या," तो म्हणाला. "माझं बोट मोडलं ह्या तालमीसाठी. सरळ हुत न्हाय अजून. पंक्चर काढताना कोण येतंय का माझं टायर धरायला? जाऊ दे पोरांस्नी. आपली हौस हाय, त्यांचं पोट हाय."

"पोट धरून टीम हुती व्हय रे?" आण्णा म्हणाले. "आपण खेळलो, तवा कुणी पोट इचारलं?"

"न्हाय इचारलं. म्हणूनच म्हणतोय."

खूप गलका झाला. शेवटी दादासोंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, वाद नको, बेलभंडारा काढा, शपथच होऊ दे. पितळी ताटात बेलाची पानं आणि भंडारा आला. तालमीत वर्गणी असो, गावजेवण असो की भांडण, एकच रीत होती: घरटी एक. घरातल्या कर्त्यानं हात लावला की घर बांधलं गेलं. टीम चिंचखाली सोडून जाणार नाही, असं म्हणून दादासोंनी पहिला बेल उचलला. मग एकेक करून सगळ्या घरांनी. आण्णांनी तो उचलून कपाळाला लावला. ज्ञानूनं उचलला नाही. चपला पायांत सरकवून तो निघून गेला, तेव्हा त्याच्या पाठीवर बरीच कुजकी बोलणी पडली. त्यांतलं एक आण्णांचंही होतं.

खेळणारी पोरं त्या रात्री दाराबाहेर फरशीवर बसली होती. त्यांच्यापुढे ताट फिरलं नाही. फिरवावं असं कुणाला सुचलंही नाही, कारण प्रत्येकाचा बाप नाहीतर थोरला भाऊ आत होताच.

घरी येऊन आण्णांनी जेवताना सगळी बैठक पुन्हा सांगितली. त्यांची बायको मीनाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, सगळ्यांनी उचलला का. थोरली लेक कालिंदी माहेरपणाला आली होती, ती पुस्तकातून डोकं वर न काढता ऐकत होती. नृसिंह खाली मान घालून जेवत होता. आण्णांना वाटलं, पोरगं भारावलंय.

पाऊस सरला, दसरा झाला. कारखान्याचा विषय पेठेत पुन्हा निघाला नाही. लीगच्या आधी मिरजेला एक स्पर्धा असे, तिची पोरं तयारी करत होती. निदान आण्णांना तसं वाटत होतं.

त्या दिवशी पहाटे तालमीच्या बोळाच्या तोंडाशी त्यांनी पाणी सोडलं आणि मान वर केली तर तालमीसमोर एक ट्रक उभा. पोरं चढत होती. आण्णांना आनंद झाला. चालत जायची रीत गावातल्या सामन्यासाठी. मिरजेला ट्रकशिवाय कसं जाणार. त्यांनी चावी भिंतीला टेकवली, तालमीत जाऊन हौदातली चिमूटभर माती घेतली आणि ट्रकच्या मागच्या फाळक्याशी आले.

"सांगत न्हाईसा व्हय रे?" ते म्हणाले. "कुणासंगं हाय पैला सामना?"

एकानं तोंड फिरवलं. एक वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बूट तर सुटलेला नव्हता. आण्णांनी आत नीट पाहिलं. स्पर्धेला जाताना पिशव्या असतात. इथं ट्रंका होत्या, वळकट्या होत्या, एकाजवळ स्टोव्हसुद्धा होता. आणि अगदी आत, केबिनला टेकून नृसिंह बसला होता. त्याच्या मांडीवर घरची वाकळ होती. मीनाबाईंनी स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, मधे जांभळा तुकडा असलेली. ती घरातल्या फळीवरून काढायची तर स्टूल लागे आणि स्टुलावर मीनाबाईंशिवाय कुणी चढत नसे.

आण्णांना सगळं तेव्हाच कळलं. पण माणूस कळलेलंही विचारून बघतो.

"नरसू, खाली उतर."

नृसिंह उठला, पोरांच्या पायांवरून वाट काढत फाळक्यापाशी आला. उतरला मात्र नाही.

"मी बेल उचललाय," आण्णा म्हणाले. "साऱ्या तालमीदेखत."

"तुमी उचललासा, आण्णा. मला कुणी इचारलं?"

"घरटी एक असतंय. आजवर असंच हाय."

"मग मैदानात बी घरटी एकच उतरायचं," नृसिंह म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुमी उतरा की."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ट्रक हलला, तेव्हा नृसिंह तोल जाऊन खाली बसला आणि पुन्हा उभा राहिला नाही. आण्णांच्या मुठीतली माती तशीच राहिली. ती हौदात परत टाकावी की रस्त्यावर, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. मागे बोळात पाणी भरून वाहायला लागलं आणि कुठल्याशा खिडकीतून बाई ओरडली, आवो चावीवालं, पाणी बंद करा की. तेव्हा ते वळले.

दादासोंकडे ते त्याच सकाळी गेले. दादासो गुळाच्या अडतीवर निघालेच होते. त्यांनी आण्णांना बसवलं, चहा मागवला आणि शांतपणे समजावलं, की शपथ कुणीच मोडलेली नाही. टीम जाणार नाही असं ठरलं होतं. टीम इथंच आहे, नाव इथं, मारुती इथं, लीगमधली जागासुद्धा इथं. पोरं आपापल्या पायांनी नोकरीला गेली, त्यांना कोण अडवणार. कारखान्याला संघटनेनं वाढीव टीममध्ये थेट वरच्या गटात घेतलं, ते चेअरमनचं वजन.

"आणि आमी खेळवायचं कुणाला?"

"बघू की," दादासो म्हणाले. "पोरांचा काय दुष्काळ हाय व्हय पेठंत."

आण्णांनी चहा घेतला नाही. निघताना त्यांच्या ध्यानात आलं, की टीममध्ये खेळणारा दादासोंचा धाकटा भाऊही घरात दिसला नाही.

ते घरी आले तर मीनाबाई दारातच उभ्या होत्या. खोटं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं.

"वाकळ मी दिली," त्या म्हणाल्या. "तिकडं नदीचं वारं लई असतंय म्हणत्यात."

"कवापासनं ठावं हुतं?"

"गणपतीपासनं."

आण्णांनी आत पाहिलं. पोथ्या-पुस्तकांच्या कपाटाशी, दिवाळीसाठी पुन्हा माहेरी आलेली कालिंदी उभी होती. तिनं नजर चुकवली नाही, पण पुढेही आली नाही. घरात चार माणसं, आणि तिघांना ठाऊक होतं.

"आणि मला सांगायचं न्हाय असं ठरलं."

"सांगितलं असतं तर शपथ तुमची मोडली असती," मीनाबाई म्हणाल्या. "ठावं असून गप बसलासा, तर पाप तुमच्या डोस्क्यावर. म्हणून मीच म्हटलं, त्यास्नी सांगू नगा. बेल त्यांनी उचललाय. तेवढा तरी त्यांचा ऱ्हाऊ दे."

आण्णांना राग यायला हवा होता, पण राग धरायला जागाच सापडेना. आपल्याला फसवताना या बाईनं आपलंच पुण्य सांभाळलं होतं. ते ओट्यावर बसले. खांद्यावरची चावी खाली ठेवत म्हणाले, "जेवला का त्यो जाताना?"

"भाकरी बांधून दिलिया."

पेठेनं पुढं आण्णांना सोडलं नाही. टीम बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेला माणूस तोच, म्हणून सगळ्यांत जास्त त्यालाच बोलणी. अकरा घरांतली पोरं गेली होती. पण चावीवाल्याच्याच घरात पाणी मुरत होतं, हे म्हणायला सोपं पडायचं. एक ज्ञानू तेवढा काही म्हणाला नाही. एकदा सायकलीत हवा भरून घेताना आण्णा आपणहून त्याला म्हणाले, "तू बरा. तोंडावर बोललास." ज्ञानू वाकड्या बोटानं पंपाची नळी सोडवत राहिला. म्हणाला, "बोलून तरी काय उपेग झाला, आण्णा. दोघांची बी टीम गेलीच न्हवं."

नृसिंह दर महिन्याला घरी यायचा. बापलेकांत हवापाण्याचं बोलणं व्हायचं. खेळाबद्दल कुणी काही विचारत नसे.

तालमीनं त्या वर्षी लीगला टीम उतरवलीच नाही. माणसं जमली नाहीत.

कारखान्याचा पहिला सामना रविवारी होता. आण्णा कुठं जातोय ते न सांगता घरून निघाले. स्टेडियमवर प्रत्येक पेठेची बसायची जागा ठरलेली असते. चिंचखालीची पश्चिमेला, सावलीतली. तिकडं आण्णांनी पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. ते वळसा घालून पूर्वेला गेले आणि उन्हात, अनोळखी माणसांच्या गर्दीत बसले. खेड्यांतून आलेली माणसं होती, ट्रॅक्टर भरून आणलेली.

कारखान्याची टीम गाडीतून उतरून मैदानात आली. कपाळं स्वच्छ होती. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात आण्णा नको नको म्हणत असताना त्यांचे डोळे नृसिंहच्या पायांमागून फिरायला लागले. पोरगं चांगलं खेळत होतं. खरं तर पूर्वी कधी खेळलं नव्हतं इतकं. पोटाला वेळेवर मिळत असावं.

शेजारच्या पटकेवाल्यानं त्यांना कोपरानं ढोसलं. "पावणं, त्यो मधला उंच गडी कुठल्या पेठंचा वो? गावातलाच दिसतोय."

आण्णांनी नजर मैदानावरच ठेवली. "पेठंचा न्हाय," ते म्हणाले. "कारखान्याचा हाय."

मध्यंतराची शिट्टी झाली. पोरं पाणी प्यायला कडेला गेली. नृसिंह एकटा मैदानात थांबला. कमरेवर हात ठेवून तो पश्चिमेच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. आण्णांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून त्यांनी कपाळावर हात आडवा धरला होता. तो त्यांनी जरा वर केला असता तरी पोराला दिसला असता, कारण तेवढ्यात नृसिंह इकडे वळलाच.

त्यांनी हात तसाच धरून ठेवला.