उघडं राहिलेलं प्रोजेक्ट

थोरलीला धाकटीचा हेवा वाटतो हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. कुणालाच ठाऊक नाही, असं फक्त थोरलीला वाटत होतं. दोघी जावाजावा, घर एकच, कचेरीही एकच, आणि काम जावा नावाच्या संगणकभाषेतलं; त्यामुळे टवाळांना रोजचा विनोद फुकटात मिळत असे. धाकटीला ही नोकरी लावून दिली ती थोरलीनंच. साहेबांकडे शब्द टाकला, मुलाखतीची तयारी करून घेतली, वर 'माझी जाऊ आहे, सांभाळून घ्या' असं सगळ्यांना सांगून ठेवलं. सांभाळून घ्यायची वेळ काही आली नाही. वर्षाच्या आत असं झालं, की कुणाचं काही अडलं तर तो थोरलीच्या टेबलावरून सरळ पुढे जायचा आणि धाकटीच्या टेबलाशी थांबायचा.

घरी तरी वेगळं काय होतं? सासूबाईंचा फोन बंद पडला, तेव्हा 'एकदा बंद करून चालू करा' असं थोरलीनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. सासूबाईंनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीनं तेच केलं. मग आल्यागेल्या प्रत्येकाला, "आमच्या धाकटीनं नुसता हात लावला आणि चालू झाला हो!" थोरली तोंडभर हसली आणि खोलीत जाऊन उशीवर दोन बुक्के मारून आली.

कचेरीत बसचालकांच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर तयार होत असे. ते सुट्या सुट्या मॉड्यूलांचं होतं. एक मॉड्यूल गाड्यांची खबर ठेवी, एक रजांची, एक पाळ्या लावी. मला काय लागतं आणि माझ्याकडून काय मिळतं, हे प्रत्येक मॉड्यूल सुरुवातीलाच जाहीर करी, आणि ज्या आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, ही मंडळी काम करीत तोच त्या सगळ्यांची गाठ घालून देई. एक काढून त्याच नावाचं दुसरं बसवलं तरी बाकीच्यांना पत्ता लागत नसे. ही सोय थोरली नव्या माणसांना फार कौतुकानं समजावून सांगायची. पण आता काढायचं होतं ते पाळ्यांचं मॉड्यूल, म्हणजे तिचं स्वतःचं, आणि बसवायचं होतं धाकटीचं. आता तीच सोय तिला डाचू लागली.

साहेबांना कोडमधलं सगळं कळे, माणसांमधलं काही कळत नसे. त्यांनी थोरलीला बोलावून सांगितलं, "मॅडम, नवं मॉड्यूल तुम्हीच तपासा. तुमच्याइतकं ते कुणाला कळणार? पास झालं तर पाळ्यांच्या गटाचं प्रमुखपद तुमच्या जाऊबाईंकडे देऊ. नाहीतर जुनंच चालू ठेवू, आणि गट तुमचा."

त्या गटाची थोरली किती वर्षं वाट बघत होती! आता सुरीही तिच्याच हातात दिली होती.

तिनं धाकटीचं मॉड्यूल आपल्या आयडीईत आणलं. चूक शोधायची तर शेजारी तुलनेला काहीतरी हवं, म्हणून स्वतःच्या जुन्या मॉड्यूलचं प्रोजेक्टही उघडलं आणि दोन्हीतली ओळन्‌ओळ ताडून पाहायला बसली. सासू सुनेचे डबे उघडून बघते तशी ती बघत होती. कोडमध्ये काही सापडेना. उलट दोन ठिकाणी धाकटीनं इतकं सुरेख लिहिलं होतं, की थोरलीनं ते दोनदा वाचलं. मग तिनं सगळं चालवून बघितलं. खरे वाटावेत असे चालक, खऱ्या वाटाव्यात अशा रजा, महिन्याची टोकं, आजारपणं. आणि सापडलं! महिना बदलताना रात्रपाळी संपवलेल्या चालकाला तिथंच पहाटेची गाडी मिळत होती. मधे झोपच नाही.

थोरलीला इतका आनंद झाला की तिनं तेच पुन्हा चालवून बघितलं. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा, नुसतंच मजेखातर.

बैठकीत तिनं ते मोठ्या पडद्यावर दाखवलं. घरी सांगता आलं असतं, टेबलाशी जाऊन सांगता आलं असतं. पण तिला पडदाच हवा होता.

"माणूस चाकावर झोपेल, साहेब," ती म्हणाली. "पन्नास प्रवासी मागे बसलेले. घाईघाईनं नाव कमवायला गेलं की असं होतं. पायाच कच्चा आहे याचा."

धाकटीचे कान लाल झाले. ती पडद्याकडे बघत राहिली, पाळ्यांकडे नाही, डाव्या बाजूला कुठंतरी. काही बोलायला तिनं तोंड उघडलं, थोरलीकडे बघितलं आणि मिटलं.

"बघते मी, वहिनी," एवढंच ती म्हणाली.

"मग जुनंच राहू दे," साहेब म्हणाले. "मॅडम, गट तुमचा. अभिनंदन."

दुपारी थोरली दोन कप कॉफी घेऊन धाकटीच्या टेबलाशी गेली. हरलेल्या माणसाचं सांत्वन करण्यातही एक गोडी असते आणि ती तिला सोडवेना.

"मनाला लावून घेऊ नकोस गं. होतं असं नव्या माणसाचं."

धाकटीनं कप घेतला. तिच्या पडद्यावर तोच महिना, तेच चालक होते, आणि रात्रपाळीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळालेली होती.

"माझ्याकडे नीट चालतंय, वहिनी."

"तुझ्याकडे काय, सगळंच नीट चालतं."

धाकटीनं आवाज खाली आणला. "तुमच्या पडद्यावर डाव्या बाजूला जुनं प्रोजेक्ट उघडं होतं."

थोरलीच्या हातातला कप कलंडला. त्या एका वाक्यात सगळं आलं होतं. एकाच नावाची दोन मॉड्यूलं असली तर त्यांचा आयडीई उघडं प्रोजेक्ट धरी आणि बाहेरून आणलेलं बाजूला ठेवी. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आपल्या जागी बसून तिनं जुनं प्रोजेक्ट बंद केलं आणि पुन्हा चालवलं. रात्रपाळीचा माणूस घरी जाऊन झोपला.

म्हणजे इतका वेळ ती धाकटीचं म्हणून स्वतःचंच मॉड्यूल चालवत होती. चूक तिची होती. आणि ते मॉड्यूल तिच्या पडद्यावरच नव्हतं, गावोगावच्या आगारांत चालू होतं, आणि आता तिच्याच कृपेनं पुढेही चालू राहणार होतं. महिना संपत आला होता.

ती परत धाकटीकडे गेली. "सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलत होतात ना," धाकटी म्हणाली. "म्हटलं, एकदा बंद करून बघाल तुम्ही. मग तुम्हीच सांगाल."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. थोरली तशीच साहेबांच्या खोलीत गेली, बसलीसुद्धा नाही.

"साहेब, चूक माझ्या मॉड्यूलमध्ये आहे. मी माझंच चालवलं. तिचं बरोबर आहे. महिना बदलायच्या आत आगारांतलं बदलायला हवं."

साहेबांनी चष्मा काढला. मग त्यांना जे सुचू नये तेच सुचलं. "आणि तिच्या लक्षात आलं नाही?"

"नसेल आलं," थोरली म्हणाली. चूक कबूल करणं जमलं होतं. पण एवढं कौतुक तिच्या तोंडून निघेना.

"मग कठीण आहे," साहेब म्हणाले. "पडद्यावर आपलं मॉड्यूल चाललेलं नाही हे जिला समोर बसून कळत नाही, तिच्या हातात गट कसा द्यायचा? तिचं मॉड्यूल बसवू या, पण गट तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही निदान आपण होऊन सांगायला आलात."

काचेपलीकडे धाकटी सांडलेली कॉफी पुसत होती. थोरलीला नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. खोटंही बोलायचं नव्हतं, ते बोलून झालं होतं.

"कळलं होतं तिला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पहिल्या मिनिटाला कळलं होतं. माझी लाज राखायला गप्प बसली ती."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "मोठ्या मनाची आहे."

"आहे," थोरली म्हणाली, आणि त्या गटाचा, त्या नावाचा, सासूबाईंच्या कौतुकाचा सगळा मिळून जेवढा हेवा तिला आजवर वाटला नव्हता तेवढा त्या क्षणी तिच्या छातीत पेटला.